पुरुषांचे एकाकीपण आणि सख्यधर्म

गेल्या हिवाळ्यात आमचे एक जुने सहकारी वारले. चंद्रपूरच्या ज्या महाविद्यालयात आमच्या आयुष्याची पंचवीस वर्षे गेली, तेथेच त्यांनीही निवृत्तीपर्यंत अध्यापन केले. शिक्षकदालनात त्यांची खुर्ची आमच्या खुर्चीला लागून होती आणि मधल्या सुटीतला चहा आम्ही नेहमी बरोबर घेत असू. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचे चिरंजीव आमच्याकडे आले व संकोचून म्हणाले, "काका, निवृत्तीनंतर बाबा रोज संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसत. घरी ते फारसे बोलत नसत. तुमच्यापाशी मनातले काही बोलले होते का?" आम्ही निरुत्तर झालो. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत ते आमच्या घरी फार तर चार वेळा आले असतील. मागाहून असे कळले की, संध्याकाळी ते रामाळा तलावाच्या काठी एकटेच बसून राहत आणि दिवेलागणीनंतर घरी परतत. त्या मुलाला आम्ही काय उत्तर दिले, ते शेवटी सांगू. त्या उत्तराने आमची झोप उडविली आणि त्यातूनच प्रस्तुत विचार सुचला, एवढे येथे पुरे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकांत आणि एकाकीपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकांत मनुष्य आपखुशीने पत्करतो. साधकाला, लेखकाला, फार काय, थकलेल्या गृहस्थालाही तो हवासा वाटतो. एकाकीपण मात्र माणसावर येऊन कोसळते आणि ते भरल्या घरात व भरल्या सभेतही कोसळते. आमच्या सहकाऱ्यांना माणसांचा तोटा नव्हता. त्यांच्या अंत्ययात्रेस शे-दोनशे माणसे सहज होती. पण त्यांच्या मनात काय चालले होते, हे त्यांतील एकालाही ठाऊक नव्हते. तेव्हा ज्याच्यासमोर आपले दुबळेपण झाकून ठेवावे लागत नाही, असा एकही मनुष्य नसणे, हीच एकाकीपणाची खरी व्याख्या होय.

हे दुःख स्त्रियांच्या वाट्याला येत नाही, असे आम्ही म्हणत नाही. तथापि पुरुषांच्या एकाकीपणाची जात निराळी आहे. 'मुलीसारखा काय रडतोस?' हा प्रश्न आपल्याकडे चारपाच वर्षांच्या पोरालाही विचारला जातो आणि तो पोर त्याचे उत्तर जन्मभर देत राहतो. पुढे त्याला सोबती मिळतात, नाही असे नाही; पण ते बहुधा कामाचे सोबती असतात. कचेरी, निवडणूक, पतपेढी, क्रिकेटचा सामना असे काही समोर असले की पुरुष शेजारी शेजारी उभे राहून आनंदाने बोलतात. समोरचे ते निमित्त काढून घेतले की दोघांनाही एकमेकांकडे पाहण्याचा संकोच वाटू लागतो. सेवानिवृत्तीच्या दिवशी गळ्यात पडणारा हार अनेकांच्या बाबतीत त्या सगळ्या मैत्रीचाच निरोपाचा हार ठरतो. उरलेली नाती सांभाळण्याचे काम आम्ही पुरुषांनी न सांगता पत्नीवर सोपविलेले असते. कोणाकडे बारसे आहे, कोण आजारी आहे, कोणाला भेटून पुष्कळ दिवस झाले, हे सारे तिच्या स्मरणात. मनातले बोलावयाचे तेही तिच्याचपाशी, आणि तेही क्वचित. यात तिच्यावर अन्याय आहेच. शिवाय ती आधी गेली तर पुरुषाचे सारे जगच बंद होते.

आमच्या या दोन जिल्ह्यांत या दुःखाचे एक खास रूप पाहावयास मिळते. १९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच जिल्हा होता. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजूनही 'चांदा'च आहे. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या बाजूस बदली झालेले शिक्षक, वनरक्षक, तलाठी, बँकेचे कारकून यांपैकी पुष्कळांची बायकामुले शाळेच्या सोयीसाठी नागपुरास किंवा चंद्रपुरास राहतात. दोघेतिघे मिळून एक खोली घेतात, डबा लावतात आणि रजेचे दिवस मोजतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, मग तेवढीही सुटका नाही. आमचा एक माजी विद्यार्थी तिकडे शिक्षक आहे. तो एकदा म्हणाला, "सर, आम्ही दोघे चार वर्षे एका खोलीत राहिलो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा घटस्फोटाचा दावा चालू आहे, हे मला कोर्टाचा कागद खोलीवर आला तेव्हा कळले." चार वर्षे एका छपराखाली, एका डब्यातले जेवण, आणि तरी ही स्थिती! जंगल त्या दोघांना एकाकी करीत नव्हते. जंगलाने फक्त त्यांच्या एकाकीपणावरचा पडदा काढून घेतला, एवढेच.

मैत्रीचा विचार जगात पुष्कळांनी केला आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात दोन संपूर्ण प्रकरणे तिला दिली आणि उपयोगासाठी, सुखासाठी व सद्गुणासाठी असे मैत्रीचे तीन प्रकार सांगितले. आपल्याकडील भक्तिशास्त्राने तर सख्याला थेट परमार्थातच स्थान दिले. नवविधा भक्तीत सख्य आठवे आणि आत्मनिवेदन नववे. दासबोधाच्या चौथ्या दशकात हाच क्रम आहे. तेथील आत्मनिवेदनाचा अर्थ अद्वैताच्या अंगाने जाणारा असून आपण समजतो तसा 'मनातले सांगणे' असा नाही, हे आम्ही जाणतो. तथापि हा क्रम आम्हांला फार सूचक वाटतो. सख्य आधी, मग आपले सर्वस्व उघडे करणे. आणि सख्य घडले तरी आणखी एक पायरी उरतेच. आमची बहुतेकांची मैत्री आठवीवरच थांबते, किंबहुना तिच्याही खालीच.

ही नववी पायरी दोन सामान्य पुरुषांनी एकमेकांच्या सोबतीने कशी चढावी, याचा विचार करताना ख्रिस्ती परंपरेकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही ख्रिस्ती नाही. बायबलाशी आमचा परिचय कॉलेजात इंग्रजी वाङ्मयाच्या निमित्ताने झाला आणि पुष्कळ वर्षे तो वाङ्मयापुरताच राहिला. परंतु शुभवर्तमानातील दोन प्रसंग वयाच्या पन्नाशीनंतर आम्हांला निराळेच दिसू लागले. पहिला शेवटच्या भोजनाचा. गुरू कमरेला वस्त्र गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो आणि तुम्ही माझे दास नसून मित्र आहा, असे त्यांना सांगतो. दुसरा त्याच रात्रीचा, गेथशेमाने बागेतला. मरण समोर दिसत असता तो आपल्या तिघा सोबत्यांना जवळ घेतो, मी फार व्याकुळ झालो आहे असे उघड सांगतो आणि माझ्याबरोबर जागे राहा, एवढीच विनंती करतो. ते तिघेही झोपी जातात. तो एकदा, दोनदा, तिनदा परत येतो व त्यांना झोपलेलेच पाहतो.

ज्याला कोट्यवधी लोक ईश्वराचा अवतार मानतात, त्याने आपली भीती लपविली नाही आणि सोबत मागण्यात कमीपणा मानला नाही, ही गोष्ट लहान नव्हे. आमच्या मनातील पुरुषार्थाच्या कल्पनेला तिने मोठा धक्का दिला. शिवाय त्या सोबत्यांचे अपयशही ग्रंथकर्त्यांनी झाकले नाही. मित्र झोपतात, आणि झोपले तरी ते मित्रच राहतात. ज्याला मैत्री करावयाची आहे त्याने मागण्याची लाज आणि नाकारले जाण्याची भीती या दोहोंना तोंड दिले पाहिजे, हाच धडा त्या बागेत आहे.

पुढील ख्रिस्ती विचारवंतांनी या धड्याचे शास्त्र बनविले. संत ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनाच्या चौथ्या भागात तरुणपणीच्या एका मित्राच्या मृत्यूचा शोक इतक्या मोकळेपणाने लिहिला आहे की, आजही तो वाचताना मन गलबलते. बाराव्या शतकात एल्रेड नावाच्या इंग्रज मठाधिपतीने आध्यात्मिक मैत्रीवर संवादरूपाने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभीच तो आपल्या तरुण मित्राला सुचवितो की, येथे आपण दोघे असलो तरी ख्रिस्त हा तिसरा आपल्यात आहे. हा 'तिसरा' आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. कामाच्या मैत्रीतही दोघांसमोर काही तिसरे असतेच, परंतु त्यापुढे दोघांना आपापली कर्तबगारी मिरवावी लागते. प्रार्थनेत मात्र दोघेही मागणारे. गुडघे टेकलेल्या दोन पुरुषांपैकी कोणी मोठा नसतो.

हे सारे पुस्तकी वाटेल, म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील एक परंपरा पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची पत्नी, सोयरे आणि जुने मित्र एकदमच दुरावले. लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ परत येईपर्यंत काही वर्षे गेली. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना त्या वर्षांची कहाणी ठाऊकच आहे. धर्मश्रद्धा माणसाला एकाकीही करते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. परंतु त्याच टिळकांचे अहमदनगरचे घर पुढे अनेकांना आसरा देणारे झाले. बालकवी ठोमरे त्या घरात राहिले. ते वयाने टिळकांच्या मुलासारखे, धर्माने हिंदू, आणि शेवटपर्यंत हिंदूच. १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' स्थापला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी.

टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. भारतीय आणि इंग्रज यांनी एका पंगतीत, एका वेषात, बरोबरीने राहावे, असा त्यांचा संकल्प. या संघात १९२७ मध्ये व्हेरिअर एल्विन नावाचा पंचविशीतला ऑक्सफर्डचा पदवीधर आला. तेथे शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी त्याची जी मैत्री जुळली, ती या विषयाचा उत्तम पुरावा आहे, आणि उत्तम कसोटीही आहे.

जमनालाल बजाजांच्या सूचनेवरून हे दोघे १९३२ च्या जानेवारीत मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी गोंडांमध्ये राहावयास गेले. गढा-मंडला आणि चांदा ही जुन्या गोंडवनातील दोन राज्ये, आणि इंग्रजी अमदानीत दोन्ही जिल्हे मध्यप्रांतातच होते. त्यामुळे त्यांच्यावर जे धर्मसंकट आले, त्याचा धागाही चांद्याशी जुळतो. नागपूरचे तत्कालीन बिशप ॲलेक्स वुड यांनी पूर्वी अनेक वर्षे चांद्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये घालविली होती आणि त्या मिशनवर पुस्तकही लिहिले होते. सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतल्याखेरीज एल्विनला आपल्या क्षेत्रात धर्मोपदेशकाचा परवाना देण्यास ते तयार होईनात. आणि गांधीजींचा हा अनुयायी ती शपथ घेईना. अखेर १९३५ मध्ये एल्विनने धर्मपीठाशी असलेला आपला संबंधच संपविला.

आता प्रश्न असा की, ज्या श्रद्धेने या दोघांना एकत्र आणले, तिची संस्थात्मक दोरी तुटल्यावर मैत्रीचे काय झाले? ती तुटली नाही. एल्विन वारंवार तापाने पडत, शामराव शुश्रूषा करीत. एल्विन लिहीत, हिंडत, भांडत; शामराव दवाखाना, शाळा व कुष्ठरोग्यांचे घर सांभाळीत. गोंड लोक एकाला 'बडा भाई' आणि दुसऱ्याला 'छोटा भाई' म्हणत. गोंडांच्या गीतांचे इंग्रजी अनुवाद दोघांच्या नावे १९३५ आणि १९४४ मध्ये ग्रंथरूपाने निघाले आणि १९४६ मध्ये शामरावांनी आपल्या मित्राचे चरित्रच प्रसिद्ध केले. प्रार्थनेत लागलेली एकमेकांना उघडेपणाने पाहण्याची सवय प्रार्थनेच्या घराबाहेर पडल्यावरही टिकली. श्रद्धेने मैत्रीला काय दिले, हे यावरून समजते.

परंतु कथा येथेच संपविली तर ती खोटी होईल. १९५४ मध्ये एल्विन शिलाँगला जाऊन ईशान्य सीमेवरील प्रशासनाचे सल्लागार झाले. शामराव नर्मदेच्या उगमाकडील त्या डोंगराळ मुलुखातच राहिले. १९६४ मध्ये एल्विन वारले, तोपर्यंत त्यांची कीर्ती जगभर पसरली होती. शामरावांचे नाव मात्र महाराष्ट्रातसुद्धा फार थोड्यांना ठाऊक आहे. एकाच्या यशाखाली दुसऱ्याची सेवा झाकली गेली. रोजचा सहवास गेला म्हणजे वीस वर्षांच्या मैत्रीलाही पत्रांवर जगावे लागते. मैत्री एकदा बांधली की देवळासारखी उभी राहते, असे नव्हे. कुडाच्या घरासारखी दर पावसाळ्याआधी ती शाकारावी लागते.

आमच्या प्रतिपादनावर एक आक्षेप सहज येईल. 'धर्मप्रचारकाची मैत्री म्हणजे धर्मांतराचे आमिष,' असे कोणी म्हणेल. अशी उदाहरणे घडली आहेत आणि त्यांची चीड येणेही योग्य आहे. ज्या मैत्रीच्या पोटात दुसराच हेतू असतो, ती मैत्रीच नव्हे. ॲरिस्टॉटलच्या वर्गवारीत ती उपयोगाच्या सदरात पडते, मग तो उपयोग स्वर्गाचा का असेना. बालकवी शेवटपर्यंत हिंदू राहिले, यात टिळकांच्या मैत्रीला उणेपणा आला नाही. उलट तिचा निर्मळपणाच त्याने सिद्ध झाला. सख्य ही कोणा एका धर्माची मिरासही नव्हे. वारकरी एकमेकांना भेटले की वय व जात न पाहता परस्परांच्या पाया पडतात. पाय धुण्याच्या त्या प्रसंगाचे हे भावंडच म्हणावे. गडचिरोलीच्या माडिया गावांतले गोटुल, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभे केलेले आनंदवन, अशी माणसांना एकत्र आणणारी ठिकाणे आमच्या जिल्ह्यांत आहेतच. दुर्दैवाने आम्ही सुशिक्षित मध्यमवर्गीय पुरुषांनी वारीही सोडली, गोटुल तर आमचे कधी नव्हतेच. आणि त्यांच्या जागी उभारला तो फक्त दिवाणखाना, जेथे पाहुण्यासमोर सर्व काही ठीक असावे लागते.

गेल्या उन्हाळ्यात बल्लारशाहच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी आम्हांला आपल्या घरी नेले. ते ख्रिस्ती आहेत. दर शनिवारी त्यांच्या ओसरीवर पाच पुरुष जमतात. एक कागद कारखान्यातला कामगार, एक शिंपी, एक वनखात्यातले, असे निरनिराळ्या थरांतले. प्रत्येकाने आठवड्यात आपले काय चुकले आणि कशाची भीती वाटली, ते थोडक्यात सांगावयाचे. बाकीच्यांनी उपदेश करावयाचा नाही, असा नियम. मग ज्याने सांगितले त्याचे नाव घेऊन प्रार्थना, आणि शेवटी चहा. तेथे कोणतेही मोठे वाक्य आमच्या कानी पडले नाही. शिंपी म्हणाला, मुलाच्या फीचे पैसे दारूत घालविले. कारखान्यातला म्हणाला, डॉक्टरने तपासणीस बोलाविले आहे आणि मी जात नाही. पुढच्या शनिवारी दोघे त्याला दवाखान्यात घेऊन गेले, असे नंतर कळले. आमच्या शिक्षकदालनात इतक्या वर्षांत विद्वत्तेची कितीतरी भाषणे झाली असतील. पण तेथे कोणी कोणाला असा हात धरून दवाखान्यात नेल्याचे आमच्या स्मरणात नाही.

तेथून परतताना आमच्या सहकाऱ्यांची आठवण झाली. त्यांनी घरी आमचेच नाव का सांगितले असेल? आपल्याला एक मित्र आहे, असे घरच्यांना दाखविण्याची त्यांना गरज वाटली आणि त्या जागी ठेवावयास त्यांना आमचेच नाव सापडले. ही त्यांची थाप होती, पण ती एक मागणीही होती, आणि ती आमच्यापर्यंत कधी पोहोचली नाही. पोहोचू नये, अशीच आमची सारी बैठक होती. आम्ही बागेतल्या त्या तिघांसारखे झोपलो होतो. फरक इतकाच की, त्यांना निदान कोणी येऊन उठविले.

त्या मुलाला आम्ही त्या दिवशी सांगितले होते, "हो, येत असत. पुष्कळ बोलत असत." त्याच्या समाधानासाठी आपण हे बोललो, असे आम्ही स्वतःस समजावीत होतो. बल्लारशाहहून आल्यावर चौथ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि खरे सांगितले: ते आमच्याकडे येत नसत, आम्हीही कधी त्यांच्याकडे गेलो नाही, आणि त्या दिवशी आम्ही खोटे बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मीही कधी त्यांच्याबरोबर तलावापर्यंत गेलो नाही." त्यानंतर आम्ही दोघे काही न बोलता बसून होतो. त्या बसण्यात जो मोकळेपणा होता, तो त्याच्या वडिलांबरोबर घेतलेल्या हजारो चहांत आम्हांला लाभला नव्हता.

आता आठवड्यातून एका संध्याकाळी आम्ही त्याच्याकडे जातो, किंवा तो आमच्याकडे येतो. याला सख्य म्हणावे की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. वयात पंचवीस वर्षांचे अंतर आहे आणि दोघांनाही बोलण्याची सवय नाही. पण आमच्या वाचकांपैकी जे पुरुष हे वाचीत असतील, त्यांना एवढे विचारावेसे वाटते: तुमच्या घरच्यांनी उद्या कोणाकडे जाऊन विचारावे की, ते तुमच्यापाशी काही बोलले होते का? ते नाव मनात आले असेल, तर आजच्या संध्याकाळी त्या माणसाकडे जावे. तलावाच्या काठी एकट्याने बसण्यास पुढे पुष्कळ संध्याकाळी आहेत.